मदत की मेहेरबानी? १८९६चा दुष्काळ आणि २०२०चा हप्ता

#थ्रेड

१/ कोविडकाळात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे जमा केले. मग त्याचा हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे आजही ऐकवले जाते. हा सूर महाराष्ट्राला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीही तो ऐकू आला होता.

२/ साल १८९६. पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. दुष्काळात रयतेला काय द्यावे, याचे नियम सरकारपाशी तयार होते. त्यांना ‘फॅमिन कोड’ म्हणत. ज्यांच्यासाठी ते केले, त्या रयतेला मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

३/ टिळकांच्या प्रभावाखालील पुणे सार्वजनिक सभेने आणि ‘केसरी’ने ते नियम मराठीत समजावून सांगितले. सभेचे प्रतिनिधी गावोगाव फिरले. त्यांनी सरकारचेच नियम लोकांना वाचून दाखवले. तरीही खटला भरला गेला आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

४/ त्याच १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, असे संरक्षण त्यात आहे. मार्च २०२० मध्ये आपण हाच कायदा पुन्हा बाहेर काढला. सभेचा धडा मात्र दप्तरातच राहिला.

५/ २६ मार्च २०२० रोजी १.७० लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्ये प्रत्येकी २,००० रुपये देण्याची घोषणा होती. पण हा पीएम-किसानचा हप्ता होता. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणारी ही योजना २०१९ मध्येच सुरू झाली होती.

६/ टाळेबंदीत हातात लवकर पैसे आले, हा दिलासा खराच. तो नाकारण्याचे कारण नाही. पण देय रक्कम लवकर देणे वेगळे आणि नवी मदत देणे वेगळे. सुमारे १७,४०० कोटींची ही रक्कम साथीच्या पॅकेजमध्ये मोजली, की हा भेद पुसला जातो. वर्षअखेरीस शेतकऱ्याच्या हाती तेच ६,००० रुपये उरतात.

७/ आता पैसे कोणाला मिळाले ते पाहू. माहिती अधिकाराखालील एका उत्तरातून जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले की, जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा ४२ लाखांवर आणि सुमारे ३,००० कोटींवर पोहोचला.

८/ दुसरीकडे, ज्याच्या नावावर जमीन नाही, तो कुळाने वा बटाईने कसणारा या योजनेत बसतच नाही. शेतात राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईलाही स्वतःच्या नावाने हप्ता मिळत नाही. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या राज्यात मदत सातबारा पाहून ठरते.

९/ ‘याद्या संकेतस्थळावर आहेत की!’ आहेत. पण नावांची यादी म्हणजे हिशेब नव्हे. अर्ज का नाकारला, अपात्र नाव कोणाच्या मंजुरीने घुसले, वसुली किती झाली, हे गावाला कळले तरच तो हिशेब. खासगीपणाची सबब इथे लागू पडत नाही. बँक खाते वा आधार क्रमांक कोणी मागत नाही.

१०/ आपल्याकडे चावडीवाचनाची रीत आहे. पात्र, अपात्र आणि नाकारलेले, अशा तिन्ही याद्या कारणांसह ग्रामसभेत मोठ्याने वाचा. प्रत्येक पॅकेजसोबत नवा पैसा किती आणि जुना किती, हे दोन रकान्यांत छापा. नियम ठाऊक असलेला शेतकरी हक्क मागतो. ठाऊक नसलेल्याला हात पसरावे लागतात. १८९७ मध्ये सत्तेला नेमकी पहिल्याचीच भीती वाटली होती.