फ्रिक्वेन्सी लपवून काय होणार?

अमेरिकेत एफबीआयसारख्या केंद्रीय तपासयंत्रणांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सी हौशी लोक स्कॅनर घेऊन शोधत बसतात. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपमधला एकजण तडकला, "आत टाका की त्यांना!"

मला हे मुळीच पटत नाही. अहो, रेडिओवर उघड बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. १६२ ते १७४ मेगाहर्ट्झ हा पट्टा मुख्यतः केंद्र सरकारचा, हे जगजाहीर आहे. त्यात आवाज कुठे येतो ते शोधायला एक स्कॅनर आणि (बायकोची बोलणी खायची तयारी असलेला) रविवार पुरतो.

खरा घोळ वेगळाच आहे. २०११ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मॅट ब्लेझ आणि मंडळींनी एक पेपर लिहिला. महानगरांत हे रेडिओ ऐकले, तर रोज सरासरी २० मिनिटांहून जास्त नाजूक बोलणं चक्क उघड्यावर! खबऱ्यांची नावं, वेष बदलून वावरणाऱ्या अधिकाऱ्यांची वर्णनं... बोलणाऱ्यांना वाटतंय, आपलं एन्क्रिप्शन चालू आहे.

का? तर बटणावरच्या खुणा बघा: एक गोल आणि एक काट मारलेला गोल. चालू कुठला, बंद कुठला, सांगा बघू! वर एकाचं बटण चुकून बंद राहिलं तरी बाकीच्यांना त्याचं व्यवस्थित ऐकू येतं, मग कळणार कुणाला? या मंडळींनी ऐकलं म्हणून कळलं, आणि त्यांनी ते संबंधित खात्यांनाही कळवलं. यांना आत टाकायचं?

आमच्याकडे कुणी असं बटण केलं असतं ना, टेस्टरने पहिल्याच दिवशी बग टाकला असता. पी-वन.