बिभाचा संतमस

एप्रिलमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच भागात सूर्य मावळला तरी उकाडा हटत नाही. हुगळीवरून येणारा वाराही दमटच. रात्री आठच्या सुमारास इथून मघा नक्षत्राच्या दक्षिणेला दुर्बीण वळवली, तर सेक्स्टन्स या मंद तारकासमूहातला एक तारा सापडतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचे नाव बिभा.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ साली याच कोलकात्यात झाला. डी. एम. बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग, संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवल्या आणि वैश्विक किरणांतील कणांनी त्यांवर उमटवलेल्या रेषांवरून त्या कणांचे वस्तुमान काढले. महायुद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात आणि काम अडले. पुढे याच पद्धतीत सुधारणा करणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चे नोबेल मिळाले. बिभा चौधुरींचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेच नाही.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव देण्यासाठी दिला. भारताने ताऱ्याला बिभा म्हटले. ग्रहासाठी संतमस हे नाव पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने सुचवले होते. संस्कृतातला हा शब्द झाकोळलेपणा सांगतो.

तिथे कसे असेल? संतमस हा गुरूसारखा वायूचा गोळा आहे, वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट. बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी अंतरावरून तो ताऱ्याभोवती फिरतो. त्याचे वर्ष दोन दिवस आणि सुमारे तीन तासांचे! तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असावे. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, असे मानले जाते. म्हणजे एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न उजाडणारी रात्र. उभे राहायला जमीनच नाही.

हा ग्रह कोणीही पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने तारा किंचित डोलतो आणि ते डोलणे ताऱ्याच्या प्रकाशात उमटते. त्यावरून २००६ मध्ये त्याचा शोध लागला. काचेवरच्या रेषेवरून कण ओळखणाऱ्या बाईंचे नाव अशा ताऱ्याला शोभून दिसते.

परग्रहांच्या बातम्या बहुधा ‘दुसरी पृथ्वी सापडली’ एवढ्यावरच थांबतात. ग्रह कसा कळला, वस्तुमान कसे मोजले आणि तापमानाचा अंदाज कशावरून बांधला, हे मुलांना कोणी सांगत नाही. खरे विज्ञान तिथेच आहे. संतमसाची गोष्ट त्यासाठी नेमकी आहे. त्यात कोलकाता आहे, पुणे आहे आणि एका शाळकरी मुलाने शोधलेला शब्द आहे. ती विज्ञानाच्या पुस्तकात यायला हवी.

बिभाचा प्रकाश इथे पोहोचायला सुमारे ३४० वर्षे लागतात. आज दिसणारा किरण संभाजी महाराजांच्या काळात निघालेला आहे. गार्डन रीचमधल्या असोत वा पुण्यातल्या, शाळांनी येत्या एप्रिलमध्ये एका रात्री छोटी दुर्बीण गच्चीवर न्यावी आणि मुलांना तो दाखवावा.