पाळ न फोडता पाणी पलीकडे

भंडारा जिल्ह्यातील माणसास तलाव समजावून सांगावा लागत नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या येथील जुन्या तलावांना मातीची पाळ असते आणि एका अंगास सलंग. तलाव भरला की जास्तीचे पाणी तेथून आपोआप निघून जाते.

नातवाने घरी मत्स्यपेटी मांडली तेव्हा तिलाही अशीच वाट हवी होती. पाणी गाळणारी टाकी खालच्या कपाटात. पंप पाणी वर चढवितो, तितकेच खाली उतरले पाहिजे. काचेस भोक पाडणे जोखमीचे, आणि टफन्ड काच तर त्याने चुराच होते. म्हणून सायफनची पेटी आणली. काठाच्या आत एक डबा, बाहेर दुसरा, आणि दोहोंना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी. नळी पाण्याने पूर्ण भरलेली व तिची दोन्ही तोंडे पाण्यात बुडालेली असली, की हवेचा दाब आतले पाणी काठावरून पलीकडे नेतो. बाहेरच्या डब्यातील उभ्या नळीच्या तोंडापर्यंत आलेले पाणी खाली उतरते. वीज गेली तर मत्स्यपेटीतील पाणी आतल्या डब्याच्या काठापर्यंत उतरून थांबते. डबे भरलेलेच राहतात, सायफन तुटत नाही, वीज येताच प्रवाह पुन्हा सुरू होतो. आतल्या डब्यास कंगव्यासारखे दात असतात, लहान मासा ओढला जाऊ नये म्हणून. खरेदी करताना मी प्रथम तेच पाहिले.

पाहायला हवे होते ते निराळेच. प्रवाह मंद असला की नळीच्या माथ्याशी हवेचे बुडबुडे साचतात. एका पहाटे आमचा सायफन त्यानेच तुटला. पंप बिचारा आज्ञाधारक, तो पाणी चढवीतच राहिला. जाग आली तेव्हा बैठकीत पाणी पसरले होते आणि विजेचा बोर्ड त्यापासून बोटभर दूर होता. मासे सुखरूप होते; नातू मात्र रडवेला झाला.

उभी हयात बँकेत जमाखर्च तपासणाऱ्याने हा हिशेब आधीच करावयास हवा होता. पेटी 90 सेंटीमीटर लांब, 40 रुंद. म्हणजे उंचीच्या प्रत्येक सेंटीमीटरास 3.6 लिटर. वर 3 सेंटीमीटर मोकळे, म्हणजे 10.8 लिटरची जागा. खाली पंपाच्या खणात मात्र 25 लिटर पाणी! आता काचेचा पडदा बसवून तो खण 8 लिटरचा केला आहे. सायफन पुन्हा तुटला तर पंप कोरडा पडेल, कदाचित जळेलही, पण फरशी भिजणार नाही. शिवाय जोडीला दुसरी सायफन-नळी लावली आणि बोर्ड भिंतीवर उंच नेला.

वाचकांपैकी कोणी अशी पेटी मांडणार असेल, तर आणखी एक गोष्ट. पंपाच्या नळीचे वरचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल, तर वीज जाताच तीच उलटा सायफन बनून पाणी खाली ओढू लागते. पाण्याच्या पृष्ठभागाखाली लगेच तिला बारीक छिद्र पाडावे; पाणी थोडे उतरताच तेथून हवा शिरते आणि ओढ थांबते. आमच्याकडे ते छिद्र शेवाळाने बुजते. दर रविवारी टाचणीने मोकळे करण्याचे काम नातवाकडे आहे.