आयुधपूजन आणि भंगाराचा लिलाव

खंडेनवमीला आपण आयुधांचे पूजन करतो. सुतार करवत-रंधा पूजतो, शेतकरी औत पूजतो, कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू वाहिले जाते. साधनात विद्या वसते, ही त्यामागची श्रद्धा. ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, मल्टिमीटर ही इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रातील आयुधे. त्यांच्याशी आपला व्यवहार मात्र पूजेचा नसून भंगाराचा आहे.

अमेरिकेत १९९५ साली ‘ईबे’ हे इंटरनेटवरील लिलावकेंद्र सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांतून निवृत्त झालेली मापनयंत्रे सामान्य अभ्यासकाच्या टेबलावर येऊ लागली. १९३९ साली स्थापन झालेली ह्यूलेट-पॅकार्ड आणि १९४६ सालची टेक्ट्रॉनिक्स या कंपन्यांच्या जुन्या यंत्रांना आजही मागणी आहे. त्यांच्या माहितीपुस्तिकांत संपूर्ण मंडलाकृती आणि सुट्या भागांची यादी असे. त्यामुळे ही यंत्रे उघडता येतात, समजून घेता येतात आणि दुरुस्तही करता येतात. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू कोणता?

अर्थात, लिलावात उतरणाऱ्याने डोळस असले पाहिजे. ‘तपासलेले नाही’ या शब्दांचा अर्थ बहुधा ‘बंद आहे’ असाच समजावा. चालू स्थितीतील पडद्याचे छायाचित्र मागावे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. काही यंत्रांत अंशशोधनाचे आकडे छोट्या बॅटरीच्या आधारावर स्मृतीत टिकतात. बॅटरी संपली की ते आकडेही जातात. अमेरिकी यंत्र आपल्या २३० व्होल्टवर चालेल का, हे पाहावे. वाहतूक, सीमाशुल्क आणि जुन्या मालाच्या आयातीचे नियम यांचा हिशेब बोली लावण्यापूर्वीच करावा. आपली कमाल किंमत आधी ठरवावी आणि ईर्ष्येने ती ओलांडू नये.

येथे कोणी विचारील, परदेशी जुना माल घेणे हे स्वदेशीत कसे बसते? स्वदेशी म्हणजे ज्ञानाला दारे बंद करणे नव्हे. अमेरिकेने महासंगणक देण्याबाबत अडवणूक केल्यानंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. तो उभारणाऱ्या हातांना मोजण्याची, तपासण्याची सवय होती. ठाण्याच्या ॲपलॅबने आणि इंदूरच्या सायंटिफिकने ऑसिलोस्कोप देशात बनविले. आज मात्र विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नवा ऑसिलोस्कोप बहुधा चिनी बनावटीचा असतो. जुने यंत्र दुरुस्त करणारा तरुण उद्या नवे घडवू शकेल; केवळ खोके फोडणारा ग्राहक ते करू शकणार नाही.

खरा प्रश्न आपल्या घरातला आहे. ईबेने येथील ‘बाझी’ २००४ साली विकत घेतली. पुढे २०१८ साली ईबेचे भारतीय केंद्र बंद झाले. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील टाकाऊ मालाचा लिलाव ‘एमएसटीसी’सारख्या संस्थांमार्फत इंटरनेटवर होतो. तेथे ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर माल विकला जातो. अनेकदा ऑसिलोस्कोप, पंखे आणि मोडक्या खुर्च्या एकाच ढिगात पडतात. असा ढीग विद्यार्थी किंवा छोटी शाळा घेऊ शकत नाही. तो भंगारवाला घेतो. मग त्यातील एखादे यंत्र लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पोहोचले तर नशीब. उरलेल्याचे तांबे आणि ॲल्युमिनियम होते.

लिलावाची पद्धत भ्रष्टाचाराला आळा घालते, ती टिकलीच पाहिजे. परंतु तिच्यात थोडा विवेक आणता येईल. मापनयंत्रे ढिगातून वेगळी काढावीत. प्रत्येकाचा मॉडेल क्रमांक व छायाचित्र द्यावे आणि माहितीपुस्तिका यंत्रासोबतच द्यावी. खुल्या लिलावापूर्वी आयटीआय, तंत्रनिकेतने आणि ग्रामीण महाविद्यालये यांना ठरावीक मुदतीत, अल्प किमतीत ती घेण्याची संधी द्यावी. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, एका परिपत्रकाची आहे.

समाजानेही हातभार लावावा. निवृत्त अभियंत्यांनी आठवड्याचे दोन तास जवळच्या तंत्रशाळेला दिले, तर धूळ खात पडलेली कितीतरी यंत्रे बोलू लागतील. आयुधाला वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य दुसऱ्या दिवशी होते. त्या आयुधावर घडलेला कुशल हात राष्ट्राच्या कामी आयुष्यभर येतो.