गाण्याची बैठक कशाने रंगते?



वर्षावास सुरू झाला, की आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांवरच्या विहारांत रात्री ग्रंथवाचन होते. वाचन संपले, सरणत्तय झाले, की काही जण घरी जातात. काही मात्र जागचे हलत नाहीत. कुणी पेटीवरची चादर काढतो, कुणी ढोलकी मांडीवर घेतो. दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला वाकलेल्या आया-बहिणी भिंतीला पाठ टेकतात आणि बैठक सुरू होते.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीत आम्हा कार्यकर्त्यांना शहाणपण सुचले. बैठक झोकात व्हावी म्हणून वर्गणी काढून दोन मोठे बॉक्स आणि माईक भाड्याने आणले. चांगल्या गळ्याची दोन पोरे माईकपुढे बसवली. आवाज वेशीपर्यंत गेला, पण तासाभरात निम्मी माणसे उठून गेली. उरलेली गुमान बसून. शेवटी एक आजी म्हणाली, "थो माईक काढा ना बाबू. आमाले बी गाऊ द्या!"

दुसऱ्या रात्री माईक नव्हता. विहार भरून गेला.

तेव्हा मला उमगले, की बैठकीत नुसता ऐकणारा कोणीच नसतो. एक जण धृपद उचलतो, दहा जण झेलतात. कडवे ज्याला येते त्याने म्हणावे; विसरला तर शेजारच्याने सांभाळून घ्यावे. चांगला पेटीवाला गाणाऱ्याला आपल्या सुरात ओढत नाही, त्याची पट्टी शोधून स्वतः तिथे जातो. चांगला ढोलकीवाला शब्द चालू असेतो हात हलका ठेवतो. कडवे संपले की मग आपली करामत दाखवतो. मी टाळीला कायम घाईचा. एकदा आमच्या ढोलकीवाल्या बाबांनी कानात सांगितले, "बाबू, पहिले कान दे, मंग टाळी दे." कचेरीत वीस वर्षे काढली, पण इतका कामाचा शेरा माझ्यावर कुणी मारला नव्हता.

ही रीत जगात इतरत्रही आहे. युरोपातल्या आयर्लंड देशात लोक संध्याकाळी गावच्या मद्यगृहात व्हायोलिन, बासरी घेऊन टेबलाभोवती बसतात. स्टेज नाही, तिकीट नाही. चाली कानाने शिकलेल्या. एक चाल दोन-तीनदा फिरवायची आणि न थांबता पुढची धरायची. दारू त्यांची त्यांना लखलाभ. आपण घ्यावी ती एकत्र बसण्याची रीत. त्याच देशातून अमेरिकेत गेलेला फ्रान्सिस ओनील हा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. नोकरी सांभाळून त्याने आपल्या लोकांच्या चाली गोळा केल्या आणि १९०३ साली १८५० चालींचे पुस्तक काढले.

आपल्याकडे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसांपर्यंत नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली, तरी त्यांची गाणी आज घरोघरी आहेत. पण आपल्याच गावच्या आजी-आजोबांनी रचलेली गाणी? ती कुठल्या पुस्तकात नाहीत, कॅसेटमध्ये नाहीत. बैठकीत गायली जातात तोवरच ती जिवंत.

आमचे ढोलकीवाले बाबा या उन्हाळ्यात गेले. त्यांची दोनच गाणी माझ्या वहीत आहेत. बाकीची त्यांच्याबरोबर गेली. "उद्या लिहून घेऊ" म्हणत मीच दिवस घालवले.

म्हणून विनंती एवढीच. जयंतीला डीजे वाजतो तो वाजो. पण आठवड्यातली एक रात्र माईकशिवाय बसा. ढोलकीजवळ एखादे लेकरू बसवा. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती वही द्या, आजी गाईल ते उतरून घ्यायला सांगा. आणि टाळीची घाई करू नका. पहिले कान द्या.

जयभीम!