टी.व्ही.ला खोचायचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? टेबल, त्यावर पडदा, खाली भलामोठा खोका आणि वायरींचं जंजाळ! आता हे सगळं बोरिवली-मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये ठेवायचं कुठे? या प्रश्नाला 2015 साली बाजारात एक गमतीदार उत्तर आलं. पेन ड्राइव्हच्या थोरल्या भावासारखी दिसणारी एक काडी! टी.व्ही.च्या मागे एचडीएमआयची खाच असते, तिच्यात ती खोचायची, की टी.व्ही.चाच झाला कॉम्प्युटर.

इंटेलची 'कॉम्प्युट स्टिक' आपल्याकडे आली ती 9,999 रुपयांना. त्याच वर्षी आपल्या अंधेरीच्या आयबॉल कंपनीने 'स्प्लेंडो' आणली, किंमत 8,999. घाटकोपरच्या पॅनाशचीही 'एअर पीसी' होती. मग यातली चांगली कोणती? खरं सांगू का, दुकानात वाटे तेवढा फरक त्यांच्यात नव्हताच. तिघींच्या पोटात इंटेलचाच चार कोअरचा ॲटम प्रोसेसर! पहिल्या दोघींत मेमरी 2 जीबी आणि साठवणीची जागा 32 जीबी, हेही अगदी सारखं. इंटेलच्या काडीत चिमुकला पंखा होता एवढंच, टी.व्ही.च्या मागे कोंदट जागेत त्याचा उपयोग व्हायचा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं, 'क्वाड-कोअर'. म्हणजे चौपट वेग? छे! अंधेरी स्टेशनवर तिकिटाच्या चार खिडक्या उघड्या आहेत असं समजा. रांग मोठी असेल तर काम भराभर उरकेल. पण तुम्ही एकटेच आलात, तर तुमचं तिकीट काही चौपट लवकर निघणार नाही. आणि चारही खिडक्यांवरची माणसं पुढे एकाच अरुंद जिन्यावर आली तर? तिथेच चेंगराचेंगरी! या काड्यांमधला अरुंद जिना म्हणजे ती 2 जीबी मेमरी. इंटरनेटची आठ-दहा पानं एकदम उघडली की गाडी अडलीच. बरं, मेमरी मागाहून वाढवायचीही सोय नाही.

आता 2023 सालचा इंटेलचा एन100 प्रोसेसर पाहा. नव्या काही काड्यांमध्ये तो असतो. तोही चारच कोअरचा, पण त्या जुन्या ॲटमपेक्षा कितीतरी चपळ. आणि 2017 साली 3,999 रुपयांना आलेली ॲमेझॉनची फायर टी.व्ही. स्टिक? तीही क्वाड-कोअर! पण ती सिनेमे दाखवण्यासाठी. शाळेचा प्रकल्प टाइप करायला तिचा उपयोग नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द. जुन्या बाजारात 2015 ची काडी कुणी स्वस्तात दाखवली, तर घेऊ नका. विंडोज 10 ला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि विंडोज 11 ला निदान 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी जागा लागते. नवी घ्यायची तर 8 जीबी मेमरीची बघा. कीबोर्ड आणि माउसचे पैसे वेगळे धरा. काडीला स्वतःची वीज लागते, तेव्हा टी.व्ही.जवळ एक प्लग मोकळा हवा. आणि दुकानात जाण्याआधी घरातच एक बैठक घ्या! टी.व्ही.चा कॉम्प्युटर झाला, की सोनूचा गृहपाठ आणि आजीची संध्याकाळची मालिका एकाच पडद्यावर येणार. घरात दुसरा पडदा नसेल, तर जुना का होईना, एखादा लॅपटॉप मला जास्त बरा वाटतो.

तुमच्या खणात अशी जुनी काडी पडलीच असेल, तर मात्र टाकून देऊ नका. हलकंसं लिनक्स घातलं, तर निबंध टाइप करायला ती अजून चालेल. फक्त एक गोम आहे. या ॲटम काड्या सुरू होताना 32 बिटची पद्धत वापरतात, त्यामुळे नेहमीचं 64 बिटचं लिनक्स पुष्कळदा त्यांच्यावर चढतच नाही. एखाद्या जाणत्या ताईला किंवा दादाला सोबत घेऊन बसा, आणि रविवारची दुपार मोकळी ठेवा!