उत्तराचे पान उलटण्यापूर्वी

आमच्या इन्सुलीच्या बाजूला कोड्याला 'हुमाण' म्हणतात. रात्रीची जेवणे आटोपली की कुणीतरी हुमाण घालायचे आणि समोरच्याने हार मानल्याखेरीज उत्तर सांगायचे नाही, अशी रीत. आता उत्तर खिशातल्या मोबाइलवर तयारच असते. कोडे आणि उत्तर यांच्यामधला डोके खाजवण्याचा वेळ तेवढा नाहीसा झाला आहे. जुन्याच्या हौसेपायी मी हे म्हणत नाही. त्या वेळेत माणूस काय शिकतो, ते सांगायचे आहे.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचा आहे. होडीत नावाड्यासोबत एकच मावते. आपण मनात तेरेखोलचा काठ धरतो. युरोपात अल्क्विन या विद्वानाच्या नावावर असलेल्या, हजार वर्षांहून जुन्या संग्रहात हेच कोडे लांडगा, बकरी आणि कोबी घेऊन येते. आधी शेळी पोचवायची, मग वाघ न्यायचा. पण परतताना शेळीला माघारी आणायचे. तिला अलीकडे ठेवून गवत न्यायचे आणि शेवटी पुन्हा शेळी. एकूण सात खेपा. मुले अडतात ती नेमकी शेळी परत आणण्यापाशी. पोचवलेले माघारी आणायचे, हे मनाला पटत नाही.

दुसरे कोडे माझ्या धंद्यातले. तिघांनी लॉजवर दहा-दहा असे तीस रुपये भरले. मालकाने पाच परत पाठवले. पोऱ्याने दोन खिशात घातले आणि तिघांना एकेक दिला. म्हणजे प्रत्येकाचे नऊ, एकूण सत्तावीस. पोऱ्याचे दोन मिळून एकोणतीस. तिसावा रुपया गेला कुठे? कुठेच नाही! सत्तावीसमध्ये मालकाचे पंचवीस आणि पोऱ्याचे दोन आधीच आहेत. त्यात ते दोन पुन्हा मिळवणे म्हणजे एकच रक्कम दोनदा लिहिणे. तीसचा मेळ घालायचा तर सत्तावीसमध्ये परत मिळालेले तीन मिळवावेत. हिशेब चुकलेला नाही. प्रश्नच वाकडा विचारला आहे.

वाकडा प्रश्न ओळखण्याची ही सवय संसारात कामाला येते. बँकेच्या काउंटरपलीकडे बसून मी चांगली शिकलेली माणसे मुदत ठेव मोडताना पाहिली आहेत. कशासाठी? तर 'तुम्ही फक्त दोन सभासद आणा, ते आणखी दोन-दोन आणतील' अशा योजनेसाठी. कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक, दोन, चार, आठ... विसाव्या पायरीपर्यंत एकूण माणसे होतात 10,48,575. अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 8,49,651 होती. तान्ही बाळे धरूनही माणसे पुरत नाहीत. शिवाय विसाव्या पायरीवर उभे असतात 5,24,288 जण. वरच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा एक जास्त. साखळी कुठेही तुटली तरी सर्वांत खालची रांग वरच्या सगळ्यांपेक्षा मोठीच असते आणि तिचे पैसे बुडतात. असल्या योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 साली झाला. तरी नवी नावे घेऊन त्या येतच राहतात. दारात आलेल्या माणसापुढे कायद्याचे पुस्तक नसते, चार बेरजा मात्र करता येतात.

करून पाहण्याचा आनंद हवा असेल तर देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आठवावेत. 1949 साली त्यांनी जगापुढे ठेवलेली गंमत पाहा. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. समजा 1990 घेतली. 9910 वजा 0199 बरोबर 9711. 9711 वजा 1179 बरोबर 8532. 8532 वजा 2358 बरोबर 6174. आता याच्यापुढे कितीही वेळा करा, 6174च! कोणत्याही संख्येला सातापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. माझ्या शब्दावर जाऊ नका. घरच्या मुलांना आपापली संख्या घेऊ द्या.

एवढेच सांगणे आहे. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, घरात एक कोडे घाला. फोन बाजूला ठेवा आणि उत्तर लगेच सांगू नका. मूल चिडेल, कंटाळेल, तुमच्याकडे आशेने पाहील; तरी थांबा. सांगितलेले उत्तर सकाळपर्यंत विसरले जाते. उद्या कुणी दामदुपटीचा कागद पुढे केला, तर 'थांबा, जरा मांडून बघतो' असे म्हणायची सवय मात्र त्याला याच वयात लागेल.